आधी बोलायची जागा

काशीतल्या महाराष्ट्रीय कुटुंबांची परिचय-पुस्तिका दसऱ्याला छापखान्यात जायची होती. एकशे बारा कुटुंबांचे फॉर्म निदान एकदा तरी भरून आले होते, एकाच कुटुंबाचा मुळीच आला नव्हता, आणि ते कुटुंब संपादकांचं स्वतःचं होतं.

संपादक म्हणजे रत्नाकर लघाटे. मुक्काम दूधविनायक. एका संस्कृत पाठशाळेच्या परीक्षा विभागातून निवृत्त झालेले, त्यामुळे अपुऱ्या फॉर्मचा त्यांना मनापासून तिटकारा. शेजारच्या वेणीमाधवशास्त्र्यांनी आपल्या मुलाच्या नावापुढे ‘व्यवसाय : ठीक चाललाय’ असं लिहून दिलं होतं, तो फॉर्म रत्नाकररावांनी तीन वेळा परत पाठवला होता. तिसऱ्या वेळी लाल पेनाने शेरा मारून. आणि आता त्यांच्याच घरच्या फॉर्मवर, त्यांच्याच मुलीच्या नावापुढे, तोच रकाना कोरा होता.

हिमानी नऊ वर्षं बेंगळुरूत होती. ऑगस्टमध्ये पैसे लावून ऑनलाइन खेळायचे खेळ कायद्याने बंद झाले, पाठोपाठ तिची कंपनी मिटली, आणि ती दोन बॅगा आणि एक भला मोठा मॉनिटर घेऊन घरी आली. मॉनिटर गल्लीतून वर चढवताना चार घरांनी पाहिला. ‘हिमानी डेटामध्ये आहे’ असं रत्नाकरराव आजवर सांगत आले होते. डेटा हा शब्द फार सोयीचा. त्याच्या पुढे कुणी काही विचारत नाही. पण पुस्तिकेत ‘डेटा’ छापता येत नाही. तो व्यवसाय नव्हे.

“काय लिहू?” त्यांनी एका दुपारी विचारलं.

“पोकर प्रशिक्षक,” हिमानी म्हणाली. ती भेंड्या पुसत होती. “त्यातला पॉट-लिमिट ओमाहा हा प्रकार शिकवायचे. लोकांनी खेळलेले डाव तपासून त्यांच्या चुका सांगायचे.”

“म्हणजे पत्ते.”

“हो. पत्ते.”

“‘सांख्यिकी सल्लागार’ लिहितो.”

“लिहा,” ती म्हणाली. मग एक भेंडी पुसून झाल्यावर म्हणाली, “नऊ वर्षांत मी नेमकं काय करते ते तुम्ही एकदा तरी विचारलंत का, बाबा?”

ती रागावून बोलली नव्हती, म्हणूनच ते लागलं. दर रविवारी फोन केला होता की नाही? केला होता. “कशी आहेस, बरी असशील, काम ठीक चाललं असेल, जेवण वेळेवर घेत जा, आईला देतो.” विचारण्यात काही कसर राहिली असेल असं त्यांना वाटेना. एवढंच, की उत्तरं तेच देऊन टाकत. समोरचा काय म्हणणार हे ज्याला आधीच कळतं, त्याने थांबावं तरी कशाला, असा त्यांचा आयुष्यभराचा हिशेब होता. गल्लीत त्यांनी आजवर फारशा कुणाला वाक्य पूर्ण करू दिलं नव्हतं, आणि ते लोकांचा वेळ वाचवण्याच्या सद्‍हेतूने.

“ठीक आहे,” ते म्हणाले. “शिकव मला. समजल्याशिवाय मी काही लिहीत नाही.”

एका रकान्यासाठी उघडलेलं हे प्रकरण कुठवर जाईल याची तेव्हा कुणालाच कल्पना नव्हती.

खेळ तसा सांगायला सोपा. प्रत्येकाला चार पत्ते. मध्ये पाच पत्ते सगळ्यांचे मिळून उघडायचे. आधी तीन, मग एक, मग एक. हातातले नेमके दोन आणि मधले नेमके तीन घेऊन पाचांचा हात जुळवायचा. प्रत्येक टप्प्याला सगळ्यांनी पाळीने बोलायचं. कुणी लावतं, कुणी पत्ते टाकून डाव सोडतं, कुणी काहीच न लावता पाळी पुढे देतं. या शेवटच्याला चेक म्हणायचं. वाढवायचं तर मध्ये जेवढं जमलंय, म्हणजे पॉट जेवढा आहे, तेवढंच एका वेळी वाढवता येतं. रत्नाकररावांनी हे सगळं दोनशे पानी वहीत समास सोडून उतरवून घेतलं.

“आता मुख्य गोष्ट,” हिमानी म्हणाली. “जागा.”

“जागा आहे की. दिवाणखान्यात बसू.”

“ती नव्हे. वाटणारा सगळ्यांत शेवटी बोलतो. त्याच्या डाव्या हाताला बसलेला सगळ्यांच्या आधी. जो शेवटी बोलतो त्याला बाकीच्यांचं ऐकून बोलता येतं. जो आधी बोलतो तो अंधारात बोलतो. त्या जागेवर हातात कितीही भारी पत्ते असोत, जपून खेळायचे. पॉट लहान ठेवायचा.”

“भारी पत्ते असून जपून? मग भारी पत्त्यांचा उपयोग काय?”

“हा प्रश्न विचारणाऱ्या लोकांवर माझा पगार निघायचा,” हिमानी म्हणाली.

रत्नाकररावांनी हे वाक्य वहीत घेतलं नाही.

खेळायला माणसं कमी पडत होती, म्हणून प्रभावतीबाईंना बसवलं. प्रभावतीबाई साताऱ्याच्या, बेचाळीस वर्षं काशीत काढूनही त्यांचे पत्ते इस्पिक-बदामच राहिले होते, तर रत्नाकरराव हुकुम आणि पान म्हणत. पहिले दोन दिवस नवराबायकोत नुसता भाषांतराचा व्यवहार चालला. चौथे म्हणून वेणीमाधवशास्त्री आले. ते खरं तर परत आलेल्या फॉर्मबद्दल बोलायला आले होते, पण फॉर्म हातात तसाच घडी करून ठेवून ते बसले आणि मग रोज चारच्या चहाला येऊ लागले. शास्त्रीबुवांचा उद्योग यात्रेकरूंकडून गंगाकाठची कर्मं करवून घेण्याचा. तो सकाळी आटपतो.

पैसे लावायचा प्रश्नच नव्हता. पहिल्या दिवशी मखाणे लावले. शास्त्रीबुवा विचार करताना खातात हे तेव्हा ठाऊक नव्हतं. तिसऱ्या डावात त्यांनी आधी स्वतःचे आणि मग पॉटमधले मखाणे संपवले आणि “आता जिंकायला काही उरलं नाही, तर डाव बरोबरीत मानावा” असा निर्णयही देऊन टाकला. दुसऱ्या दिवसापासून कच्चा राजमा लावू लागले.

रत्नाकरराव हरत. रोज, नेमाने, आणि भारी पत्ते घेऊन हरत. दोन एक्के हाती आले की त्यांचा कंठ साफ व्हायचा, पाठ सरळ व्हायची, आणि ते “पॉट” असं म्हणत ओंजळभर राजमा पुढे सारत. सगळ्यांना कळायचं की एक्के आले. ज्यांना पत्ते टाकायचे ते टाकत. प्रभावतीबाई तेवढ्या थांबत, भिंगातून पाहावं तसं मधल्या पत्त्यांकडे पाहत, आणि शेवटी रत्नाकररावांचा राजमा ओंजळीने आपल्याकडे ओढून घेत.

“हिला कसं जमतं?” त्यांनी आठवड्याने हिमानीला एकटीला गाठून विचारलं.

“आई तुमच्या डाव्या हाताला बसते. वाटणारा दर डावाला बदलतो, पण डावीकडचं माणूस बदलत नाही. चारातल्या तीन डावांत आई तुमच्यानंतर बोलते.”

“मग तिने जागा बदलावी.”

“तिकडे स्वयंपाकघराचं दार आहे. तिला कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या असतात.”

यावर शास्त्रीबुवांनी सल्ला दिला. हार-जीत दिशेवर असते. रत्नाकरने पूर्वेकडे तोंड करून बसावं. त्याप्रमाणे सतरंजी फिरवली, तक्के हलवले, शास्त्रीबुवा स्वतः पूर्वेला गेले, हिमानी खिडकीशी. प्रभावतीबाई दाराशीच राहिल्या. सगळी घडी बसल्यावर पाहिलं तर त्या पुन्हा रत्नाकररावांच्या डाव्या हाताला होत्या, आणि आता उतरतं ऊन रत्नाकररावांची पाठ भाजत होतं.

असे तीन आठवडे गेले. दसऱ्याला बाकीचे फॉर्म छापखान्यात गेले, कार्तिक लागला. रकाना कोराच होता, कारण संपादकांच्या मते विषयाचा अभ्यास अजून अपुरा होता. खरं म्हणजे त्यांना दुपारची चारची वेळ आवडू लागली होती. हिमानी डाव संपल्यावर पत्ते पुन्हा मांडून दाखवायची, इथे काय झालं, तिथे काय व्हायला हवं होतं. ती शिकवताना कशी दिसते हे त्यांनी पूर्वी पाहिलं नव्हतं. ती चूक सांगायची आणि माणसाला लाज वाटत नसे. परीक्षा विभागात चौतीस वर्षं काढून त्यांना हे एकदाही जमलं नव्हतं.

गल्लीत मात्र बोलणं सुरू झालं होतं. लघाट्यांकडे रोज बैठक बसते. दार लावून घेतात. शास्त्रीबुवा जाताना कधी खुशीत असतात, कधी पडलेल्या चेहऱ्याने. दूधवाल्याने “बाबूजी, कौन सा खेल चल रहा है?” असं हसत विचारलं तेव्हा रत्नाकररावांनी त्याला तिथल्या तिथे झापलं, आणि त्यामुळे गल्लीची खात्री पटली.

अशात एका दुपारी, ऐन डावात, दाराची कडी वाजली. रत्नाकररावांनी दार उघडलं. बाहेर खाकी कपड्यातले पोलीस दरोगा उभे होते, काखेत फाइल. वयस्क, थकलेले, जिने चढून दम लागलेला. त्यांनी तोंड उघडलं.

“यहाँ जुआ नहीं होता,” रत्नाकरराव म्हणाले.

दरोगांनी तोंड मिटलं.

“सिर्फ़ राजमा लगाते हैं. पैसा बिलकुल नहीं. आप अंदर आकर देख लीजिए. शास्त्रीजी ख़ुद बैठते हैं.”

आत शास्त्रीबुवांनी आपला राजमा उपरण्याखाली घेतला.

दरोगांनी दम खाल्ला. फाइल उघडली. “हम तो पासपोर्ट की जाँच में आए थे,” ते सावकाश म्हणाले. “हिमानी लघाटे कौन हैं? पता बदला है, तो घर देखना होता है.”

कुकरची शिट्टी झाली, पण प्रभावतीबाईंनी ती मोजली नाही.

दरोगा भला माणूस होता. त्यांनी पाणी घेतलं, कागद पाहिले, हिमानीची सही घेतली. पण जाताना ते म्हणाले, “बाबूजी, हमने तो कुछ पूछा नहीं था. अब आपने कह दिया, तो कान में पड़ी बात हम छोड़ कैसे दें? मोहल्ले में भी चर्चा है. दो पड़ोसियों का लिखित बयान चाहिए कि यहाँ ऐसा कुछ नहीं होता. शपथपत्र पर. दस दिन में दे दीजिए, नहीं तो जाँच अधूरी लिखकर भेजनी पड़ेगी.”

दार लावल्यावर रत्नाकरराव वळले. “कुठे जाणार आहेस?”

“माल्टाला,” हिमानी म्हणाली. “युरोपात आहे. तिथे एका संस्थेत शिकवायचं काम आहे. जानेवारीपासून.”

“माल्टा?” शास्त्रीबुवा म्हणाले. “ते संत्र्यासारखं फळ ना?” आणि कुणी हसत नाही असं पाहून ते राजमा तिथेच ठेवून घरी गेले.

“तुला माहीत होतं?” रत्नाकररावांनी बायकोला विचारलं. प्रभावतीबाईंनी मान हलवली.

“फक्त मलाच नव्हतं.”

“तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही लगेच नाही म्हणाला असता,” हिमानी म्हणाली. “मग मला त्या नाहीच्या विरुद्ध जावं लागलं असतं. मला ते नको होतं. अजून माझंच पक्कं ठरलं नव्हतं. पासपोर्ट तरी हातात येऊ दे, मग बोलू, असं वाटलं.”

“मी नाही म्हणालो असतो हे तू आधीच ठरवलंस.”

“हो,” ती म्हणाली. “चुकलं का माझं?”

रत्नाकरराव गच्चीवर जाऊन उभे राहिले. मुलीने आपल्याला ओळखलं याचं दुःख करावं की इतकं बरोबर ओळखलं याचं, ते त्यांना ठरवता येईना.

दुसऱ्या दिवशी ते कचहरीत गेले. नोटरीने विचारलं, शपथपत्र कशाबद्दल. जुगार होत नाही याबद्दल. नोटरीने चष्मा काढला. जे होतं त्याचं शपथपत्र असतं. जे होतच नाही, त्याचं कसं करणार? मजकूर नीट ठरवून आणा. रत्नाकरराव हे घेऊन शास्त्रीबुवांकडे गेले. शास्त्रीबुवांचं न्यायशास्त्राचं अध्ययन झालेलं. ते म्हणाले, अभाव हाही पदार्थच आहे. जमिनीवर घडा नाही हे जसं डोळ्यांना दिसतं, तसा घरात जुगार नाही हेही दिसलं पाहिजे. पण चार प्रकारच्या अभावांपैकी हा कोणता? पूर्वी नव्हता तो, नष्ट झाला तो, कधीच नसतो तो, की एक वस्तू दुसरी नसते तो? या चर्चेत एक दुपार गेली. दोघांनाही बरं वाटलं.

आणि मग रत्नाकररावांनी काही केलं नाही.

तिसरा दिवस गेला, चौथा गेला. दुसरी सही पुस्तिका काढणाऱ्या मंडळाच्या चिटणीस शरदिनीबाईंची घ्यायची असं ठरलं होतं, पण शरदिनीबाई कार्तिकस्नानाला पहाटे पंचगंगा घाटावर जातात, दुपारी पोथी ऐकतात, त्यांना त्रास कशाला द्यायचा. शिवाय गुडघा दुखत होता. शिवाय पुस्तिकेच्या बाकीच्या पानांची मुद्रितं आली होती. प्रत्येक कारण खरं होतं. हिमानीने एकदाही आठवण केली नाही. चारची बैठक बंदच पडली होती. ती आपल्या खोलीत मॉनिटर पुसायची, पुन्हा पुसायची.

पाचव्या रात्री जेवताना प्रभावतीबाई एवढंच म्हणाल्या, “दहा दिवस असेच जातील.” त्यांना माहीत होतं. रत्नाकररावांनाही माहीत होतं. पोर घरात होती, रोज समोर दिसत होती, आणि ती राहावी यासाठी त्यांना काही वाईट करायचं नव्हतं. फक्त काहीच करायचं नव्हतं. इतका भारी हात त्यांच्याकडे आयुष्यात आला नव्हता.

सहाव्या दिवशी सकाळी शास्त्रीबुवा आले. घाटावरून थेट, कपाळावर गंध ओलं. त्यांनी एक शपथपत्र पुढे केलं. स्वतः नोटरीकडे जाऊन, स्वतःच मजकूर ठरवून केलेलं. गोत्र, प्रवर, शाखा आणि तीन पिढ्यांची नावं घालून खाली लिहिलं होतं की सदर घरात आपण स्वतः तीन आठवडे खेळलो असून मखाण्यांखेरीज कसलंही नुकसान झालेलं नाही, आणि ते मखाणे आपणच खाल्ले.

“मी सांगितलं नव्हतं अजून,” रत्नाकरराव म्हणाले.

“तू सांगणार नव्हतास, रत्नाकर.” शास्त्रीबुवा बसले. उपरण्याच्या टोकाने त्यांनी तोंड पुसलं. “माझा फॉर्म तू तीनदा परत केलास. ‘ठीक चाललाय’ हा व्यवसाय नाही म्हणालास. बरोबर आहे. पण मला माहीतच नाही रे तो काय करतो. त्याला सुरतेला जायचं होतं, कपड्यांच्या रंगाचं काहीतरी काम होतं. मी म्हटलं, माझ्या यजमानांचं कोण करणार. गेला. तीन वर्षं झाली. दिवाळीला त्याच्या आईला फोन येतो. ‘ठीक चाललंय’ म्हणतो. तेवढंच मला कळतं, तेवढंच मी लिहिलं.”

रत्नाकररावांना तो लाल शेरा आठवला. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. पण शास्त्रीबुवा उठले होते. “ती तरी सांगून चालली आहे,” ते दारातून म्हणाले. “जमवून घे.”

त्याच दुपारी गुडघा ओढत रत्नाकरराव शरदिनीबाईंकडे गेले. शरदिनीबाई एका मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, पण हे त्यांना कुणी मान्य करायला लावलेलं नव्हतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“न पाहता मी सही करत नाही,” त्या म्हणाल्या. “शुक्रवारी चारला येते. तुम्ही रोज खेळता तसेच खेळा. त्या दरोगांनाही बोलवा. एकदाच काय ते होऊन जाऊ दे.”

शुक्रवारी दिवाणखान्यात परीक्षेचं वातावरण होतं. शरदिनीबाई खुर्चीवर, दरोगा वेताच्या मोढ्यावर, चौघं सतरंजीवर. राजमा मोजून वाटला. शरदिनीबाईंनी एक दाणा उचलून दाबून पाहिला आणि ठेवला. पहिले तीन डाव किरकोळ गेले. चौथ्याला हिमानीने वाटलं, म्हणजे तिच्या डाव्या हाताचे रत्नाकरराव प्रत्येक फेरीत आधी बोलणार.

त्यांनी चार पत्ते उचलले. दोन एक्के. इस्पिकच्या एक्क्याबरोबर इस्पिकचा राजा, चौकटच्या एक्क्याबरोबर चौकटची राणी. याहून देखणे चार पत्ते त्यांना महिनाभरात आले नव्हते. समोर दरोगा, वर मंडळाच्या चिटणीस. कंठ आपोआप साफ झाला. हात राजम्यावर गेला.

मग त्यांनी हात मागे घेतला आणि कमीत कमी लावायचा तेवढाच राजमा लावला. त्याहून एक दाणा जास्त नाही.

मध्ये तीन पत्ते उघडले. किलवरचा एक्का, बदाम नव्वी, बदाम अठ्ठी. तीन एक्के झाले. या घडीला त्यांच्याहून मोठा हात कुणाकडे असूच शकत नव्हता, आणि बोलायचं मात्र त्यांनाच पहिलं होतं.

“चेक,” रत्नाकरराव म्हणाले. ते इतक्या हळू म्हणाले की शास्त्रीबुवांनी “काय?” असं विचारलं.

प्रभावतीबाईंनी पॉटएवढा राजमा लावला. शास्त्रीबुवांनी पत्ते टाकले, हिमानीने टाकले. रत्नाकररावांनी तेवढाच राजमा पुढे ठेवला आणि वाढवला नाही. चौथा पत्ता उघडला. बदाम सत्ती.

रत्नाकररावांनी मधले पत्ते मनात मोजले. सात, आठ, नऊ, तिन्ही बदाम. समोरच्याकडे आणखी दोन बदाम असले तर तीन एक्के फुकट. दोन जवळचे पत्ते असले तरी फुकट. “चेक,” ते म्हणाले.

“पॉट,” प्रभावतीबाई म्हणाल्या आणि ओंजळ पुढे सारली.

दरोगा मोढ्यावरून पुढे झुकले होते. रत्नाकररावांनी बायकोकडे पाहिलं. बेचाळीस वर्षं ते या चेहऱ्यासमोर जेवायला बसत होते, आणि आत्ता त्यांना त्यावरचं एक अक्षर वाचता येत नव्हतं. त्यांनी आपले चार पत्ते उताणे करून खाली ठेवले. दोन एक्के सगळ्यांना दिसले.

“टाकले,” ते म्हणाले.

प्रभावतीबाईंनी राजमा ओढून घेतला आणि स्वतःचे पत्ते गड्डीत सरकवणार, तेवढ्यात दरोगांना राहवेना. “अम्माजी, आपके पास था क्या?”

प्रभावतीबाईंनी क्षणभर विचार केला. मग पत्ते पदराआड धरून एकट्या दरोगांना दाखवले. दरोगांनी पाहिलं. त्यांनी गंभीरपणे मान हलवली, रत्नाकररावांकडे एकदा नजर टाकली, आणि फाइल उघडली. पत्ते गड्डीत गेले.

“बरोबर सोडलंत, बाबा,” हिमानी म्हणाली. “आई काहीही घेऊन असो. त्या जागेवरून कमी हरणं हेच जिंकणं असतं. मला पैसे देऊन शिकणारे लोकसुद्धा तीन एक्के टाकत नाहीत.”

रत्नाकररावांना नोकरीत दोन वेळा प्रशस्तिपत्रक मिळालं होतं. दोन्ही वेळा एवढं बरं वाटलं नव्हतं.

शरदिनीबाईंनी सही केली. अक्षर फळ्यावरच्यासारखं. “हा जुगार नाही,” त्या म्हणाल्या. “हा गृहपाठ आहे.” मग त्यांनी पुस्तिकेचा फॉर्म मागितला, अपुरा रकाना पाहिला, संपादकांकडे पाहिलं, आणि पेन हिमानीच्या हातात दिलं. “जिचा व्यवसाय तिने लिहावा.” तिने लिहिलं. शास्त्रीबुवांचा फॉर्म रत्नाकररावांनी दुसऱ्या दिवशी मागून घेऊन जसा होता तसाच छापखान्यात पाठवला. लाल शेरा तेवढा स्वतः खोडून. दरोगांनी त्याच आठवड्यात जाँच पूर्ण केली. त्यांनी पदराआड काय पाहिलं ते त्यांनी सांगितलं नाही आणि प्रभावतीबाईंनीही नाही. रत्नाकररावांनी चार वेळा विचारलं. एकदा तर झोपेतून उठवून.

तीन आठवड्यांनी पासपोर्ट आला. पोस्टमनने हिमानीचीच सही मागितली आणि तिने पाकीट न उघडताच कपाटावर ठेवलं. दोन दिवस ते तिथेच होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, “बाबा, घाटावर येता?”

दोघं भोसले घाटाच्या पायऱ्यांवर जाऊन बसले. थंडी पडू लागली होती. पाण्यावर धुकं, त्यातून लाकडांनी लादलेली एक नाव मणिकर्णिकेच्या बाजूला संथपणे चालली होती. हिमानीने शाल गुडघ्यांवर ओढून घेतली.

“मला तुम्हाला काही सांगायचंय,” ती म्हणाली आणि गप्प झाली.

रत्नाकररावांच्या जिभेवर तीन वाक्यं तयार होती. एक लोकरीच्या कपड्यांबद्दल, एक शाकाहाराबद्दल, आणि एक अशी की जी ऐकल्यावर मुलगी गेलीच नसती. तिसरं वाक्य फार चांगलं होतं. ते त्यांनी कितीतरी रात्री घोळवलं होतं. त्यांनी नावेकडे पाहिलं. नाव जवळ आली, समोरून गेली, धुक्यात शिरली. हिमानीने अजून तोंड उघडलं नव्हतं. त्यांनीही नाही.

“मी कंपनी बंद झाली तेव्हा चार दिवस खोलीतून बाहेर आले नव्हते,” ती शेवटी म्हणाली. “तुम्हाला फोनवर म्हटलं होतं सुट्टी आहे. मला वाटलं होतं मला दुसरं काहीच येत नाही. अजूनही वाटतं. तिकडे जाते आहे ते मला जायचंय म्हणून, का इथे कुणी काही विचारेल या धास्तीने, ते मला धड कळत नाही.”

ती थांबली. एक बाई खाली पाण्यात उतरून अर्घ्य देत होती. रत्नाकररावांना दोन्ही हातांचं काय करावं ते समजेना. त्यांनी ते मांडीखाली घेतले.

“तुम्ही काहीच बोलत नाही,” हिमानी म्हणाली.

“तुझं बोलून झालं का?”

तिने वडिलांकडे पाहिलं.

“नाही. अजून नाही.”

रत्नाकरराव पायरीवर जरा मागे सरकून, पाठ दगडाला टेकून बसले.